पडद्यावरचा नायक आणि घरातला माणूस



रात्री तुम्ही घरातल्यांबरोबर एखादी मालिका पाहता. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिच्यावर चर्चा रंगते. एक जण म्हणतो, "नायक किती चांगला आहे!" दुसरा म्हणतो, "चांगला कसला? बायकोवर संशय घेतो!" मग तिसरा दोघांनाही गप्प करतो, "अरे, तो ड्रामा आहे. खरे थोडेच आहे?"

या तिघांपैकी कोणाचे म्हणणे बरोबर? आज आपण याच प्रश्नाचा विचार करू.

उदाहरणासाठी दोन मालिका घेऊ. 'हमसफर' ही मालिका पाकिस्तानात २०११ साली सुरू झाली. 'जिंदगी गुलजार है' ही मालिका २०१२ साली सुरू झाली. २०१४ साली 'जिंदगी' या वाहिनीवरून दोन्ही मालिका भारतातही दाखवल्या गेल्या आणि घराघरांत आवडल्या. तुम्ही त्या वेळी फार लहान असाल. पण अम्मीला किंवा खालाला विचारून पाहा. आशर आणि खिरद ही नावे त्यांना बहुधा आठवतील.

'हमसफर'ची कथा थोडक्यात अशी आहे. खिरद ही साध्या घरातली हुशार मुलगी. तिची आई फार आजारी असते. खिरदचे मामा आपल्या मुलाशी, म्हणजे आशरशी, तिचा निकाह लावून देतात. हळूहळू दोघांमध्ये प्रेम निर्माण होते. पण आशरच्या आईला, फरीदाला, ही सून पसंत नसते. ती एक डाव रचते आणि खिरदच्या चारित्र्यावर डाग लावते. आशर त्या डावाला फसतो. तो खिरदचे म्हणणे ऐकून घेत नाही. खिरदला घर सोडावे लागते. त्या वेळी ती आई होणार असते. काही वर्षांनी ती परत येते, पण स्वतःसाठी नाही. तिची लहान मुलगी हरीम हिला हृदयाचा आजार असतो आणि तिच्यावर उपचार करायचे असतात. शेवटी सत्य उघड होते. आशरला पश्चात्ताप होतो आणि कुटुंब पुन्हा एकत्र येते.

आता मला सांगा, आशर कसा माणूस आहे?

पुष्कळ प्रेक्षकांनी त्याला मनापासून माफ केले. तो देखणा आहे. तो दुःखी झाला की आपल्यालाही वाईट वाटते. कुर्रतुलऐन बलोच यांच्या आवाजातले शीर्षकगीत सुरू झाले की डोळे भरून येतात. शिवाय फसवणारी त्याची आई होती, तो नव्हे, असेही आपण मनाला समजावतो. कोणी म्हणेल, "त्याचे खिरदवर फार प्रेम होते, म्हणूनच तो एवढा रागावला."

मला हे पटत नाही. राग येणे वेगळे आणि बाजू ऐकूनच न घेणे वेगळे. न्यायालयात चोरालाही विचारतात, "तुला काही सांगायचे आहे काय?" मग ज्या पत्नीबरोबर आपण एका घरात राहिलो, जेवलो, हसलो, तिला एवढाही हक्क नसावा काय? मराठीत एक म्हण आहे : 'दिसते तसे नसते, म्हणून जग फसते.' आशर फसला, ही त्याची चूक नाही. त्याने विचारले नाही, ही त्याची चूक आहे.

तरीही आपण त्याला इतक्या सहज माफ का करतो? माझ्या मते त्याचे कारण असे आहे. खिरद निर्दोष आहे, हे आपल्याला पहिल्यापासून ठाऊक असते. लेखिका फरहत इश्तियाक यांनी शेवट आधीच ठरवलेला असतो. एक ना एक दिवस सत्य बाहेर येणार, आशर रडणार, खिरदला तिचा मान परत मिळणार, याची आपल्याला खात्री असते. म्हणून तिचे हाल पाहतानाही आपण मनातून निश्चिंत असतो. ही मालिका २३ भागांत संपते.

खऱ्या जीवनात अशी खात्री कोण देणार? तेथे सत्य उघड करण्यासाठी कोणी लेखिका बसलेली नसते. घराबाहेर काढलेल्या एखाद्या स्त्रीचा निर्दोषपणा कधीच सिद्ध होत नाही. तिच्या मुलाला औषध वेळेवर मिळेलच असे नाही. नवऱ्याला पश्चात्ताप होईलच असेही नाही. म्हणून मालिकेतला संशय आपल्याला प्रेमासारखा वाटला, तरी घरातला संशय हा संशयच असतो. माणसाची परीक्षा त्याच्या अश्रूंवरून करू नये. रागाच्या क्षणी तो कसा वागला, यावरून करावी.

दुसऱ्या मालिकेकडे वळू. 'जिंदगी गुलजार है'मध्ये झारून हा श्रीमंत घरातला, हुशार मुलगा नायक आहे. मुलांनो, तुम्ही त्याच्याकडे जरा नीट पाहा. तो स्वतः मैत्रिणींबरोबर मोकळेपणाने फिरतो. बहिणीने आणि होणाऱ्या पत्नीने मात्र मर्यादेत राहावे, असे त्याला वाटते. स्वतःसाठी एक माप आणि घरातल्या स्त्रियांसाठी दुसरे! पडद्यावर हे पाहून आपण हसतो आणि विसरून जातो. पण तुमच्या आपाला विचारा, अशा भावाबरोबर एका घरात राहणे कसे वाटते?

या मालिकेची नायिका कशफ हीसुद्धा निर्दोष नाही. ती तिखट बोलते. आपल्या गरिबीची सारखी तक्रार करते. वडिलांनी दुःख दिले, म्हणून ती सगळ्याच पुरुषांना वाईट समजते. पण अडचणी असूनही ती शिक्षण सोडत नाही आणि शेवटी मोठी अधिकारी होते.

माझ्या दृष्टीने मात्र या मालिकेत सर्वांत मोठी व्यक्ती वेगळीच आहे. ती म्हणजे कशफची आई राफिया. मुलगा नाही म्हणून तिचा नवरा मुर्तझा दुसरे लग्न करतो. राफिया शाळेत नोकरी करते आणि तीन मुलींना शिकवून मोठे करते. झारून आणि कशफ यांच्या भांडणांत प्रेक्षक इतके गुंतून जातात की राफियाचे रोजचे कष्ट मागे पडतात. जीवनाचे माप लावले, तर पहिला नंबर तिचाच येईल. असे माप लावण्याचा हा मोठा फायदा आहे. त्यामुळे केवळ नायकाचे दोष दिसत नाहीत, तर कोपऱ्यात उभे असलेले चांगले माणूसही दिसते.

आता तुम्ही म्हणाल, "मग प्रत्येक पात्राचे दोषच मोजत बसायचे काय?" नाही, तसे मुळीच नाही. १९८७ सालच्या 'धूप किनारे' या मालिकेतली डॉक्टर जोया आठवा. तिच्या खोडकरपणामुळे तिचे वरिष्ठ डॉक्टर अहमर तिला रागावतात. खऱ्या रुग्णालयाचा कडक नियम लावला, तर जोयाला पहिल्याच आठवड्यात नोटीस मिळेल आणि एक सुंदर कथा तेथेच संपेल! कथेतली माणसे चुकतात, म्हणूनच कथा पुढे सरकते. आशरने शांतपणे प्रश्न विचारला असता, तर 'हमसफर' फार लवकर आटोपली असती. तेव्हा पाहताना खुशाल हसा आणि रडा. पात्रांवर प्रेमही करा. त्यात काही गैर नाही.

पण टीव्ही बंद झाल्यावर एक छोटी गोष्ट करा. त्या प्रसंगातून संगीत काढून टाका. नायकाचा सुंदर चेहरा काढून टाका. नायिकेच्या जागी आपल्या बहिणीला उभे करा आणि मग विचारा, "हे वागणे मला चालेल काय?" मुलांनी आणखी एक प्रश्न विचारावा, "उद्या मी असा वागेन काय?"

सुरुवातीच्या त्या तिघांपैकी दुसऱ्याचे म्हणणे मला अधिक पटते. तिसरा म्हणतो तेही खोटे नाही. तो ड्रामाच आहे. पण तो पाहता पाहता प्रेम म्हणजे काय, हे आपण नकळत शिकत असतो. काय शिकायचे, हे मात्र आपणच ठरवायला हवे. आशरला माफ करायचे की नाही, हे खिरदने ठरवले. आपल्या घरात आशर होऊ नये, हे आपल्याला ठरवायचे आहे.