एक छत्री, तीन पडदे

अमरावतीच्या कोणत्याही गच्चीवर उभे राहावे किंवा अकोल्याच्या जुन्या शहरातील छपरांकडे पाहावे, आग्नेयेकडे तोंड करून बसलेल्या छत्र्या दृष्टीस पडतात. घरावर छत्री एकच असते. परंतु तिच्याखाली दूरचित्रवाणीचे संच दोन, क्वचित तीनही असतात. या दुसऱ्या संचाचा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटतो. आमच्या मते तो तसा नाही.

प्रथम यंत्राची बाजू पाहू. छत्रीच्या मुखाशी बसविलेला एलएनबी एका तारेतून एका वेळी लहरींची एकच दिशा, उभी किंवा आडवी, खाली पाठवितो. ती कोणती, हे सेट-टॉप बॉक्सने दिलेल्या १३ किंवा १८ व्होल्टच्या दाबावरून ठरते. म्हणून बाजारातील स्वस्त जोड लावून एकाच तारेला दोन फाटे फोडले, की एका खोलीत वाहिनी बदलताच दुसऱ्या खोलीतील चित्र नाहीसे होते, आणि गृहस्थ दोष पावसाला देतो! खरा उपाय महाग नाही. दोन किंवा चार तोंडांचा एलएनबी, प्रत्येक संचास स्वतंत्र तार आणि स्वतंत्र बॉक्स एवढे पुरते. दुसऱ्या छत्रीची गरज नसते.

छत्री तीच, उपग्रह तोच. मग दुसऱ्या संचास आकार किती असावा? जानेवारी २०२० मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ठरविले की, एकाच घरातील दुसऱ्या व पुढील प्रत्येक जोडणीस पहिल्या जोडणीच्या नेटवर्क आकाराच्या ४० टक्क्यांहून अधिक घेऊ नये. जुलै २०२४ मध्ये मात्र या आकारावरील कमाल मर्यादा उठवून तो बाजारावर सोपविण्यात आला. स्पर्धा ग्राहकाचे रक्षण करील, हा त्यामागील विश्वास. सशुल्क डीटीएचचे देशातील ग्राहक २०२० मधील सुमारे ७ कोटींवरून २०२५ पर्यंत ६ कोटींच्या खाली आले आहेत, तेव्हा कंपन्यांस मनमानी परवडणारी नाही, हे खरे. परंतु आकार किती हेच ज्याला ठाऊक नाही, तो ग्राहक स्पर्धेचा लाभ घेणार कसा?

आणि हा केवळ करमणुकीचा हिशेब नव्हे. २०२० च्या टाळेबंदीत शाळा बंद पडल्या, तेव्हा केंद्र सरकारने ‘एक इयत्ता, एक वाहिनी’ ही योजना जाहीर केली. आपल्या राज्यात सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका आली. तिने प्रत्येक इयत्तेस दिवसातील स्वतंत्र वेळ दिली. काही वर्षे फळ्यासमोर उभे राहिलेल्या आम्हांस या दोहोंतील भेद तत्काळ जाणवला. वेळ वाटून दिली, तर एका पडद्यावर पाचवीची मुलगी आणि आठवीचा मुलगा दोघेही शिकतात. वाहिन्या वाटून दिल्या, तर दोघांस दोन पडदे लागतात. ज्या घरात दुसरा पडदा नाही, तेथे कोणाच्या वाट्याची शाळा बुडते, हे वऱ्हाडातील वाचकांस आम्ही सांगावयास नको.

दुसऱ्या संचाने कुटुंब फुटले, अशी हळहळ आम्ही ऐकतो. तीत तथ्य नाही असे नाही. एकत्र बातम्या ऐकून वाद घालण्याची मजा गेली. पण त्या एका पडद्यासमोर निवड सर्वांची होती काय? क्रिकेटच्या दिवशी आजीचे कीर्तन आणि सुनेची मालिका मुकाट्याने बंद होत असे. त्या शांततेला एकोपा म्हणणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. कंपन्यांनी दुसऱ्या जोडणीचा आकार, बॉक्सची किंमत व तारेची मजुरी बिलावर मराठीत पृथक् दाखवावी. ग्राहकानेही ती लेखी मागितल्यावाचून पैसे देऊ नयेत. ज्यांस मासिक वर्गणी झेपत नाही, त्यांच्यासाठी प्रसारभारतीची विनाशुल्क ‘फ्री डिश’ सेवा आहे. तेथे दुसऱ्या संचाचा खर्च एकदाच करावा लागतो. शिक्षणाच्या योजना आखणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट विसरू नये : आकाशात वाहिन्या वाढविणे सोपे, घरात पडदे वाढविणे तितके सोपे नसते.