ठकीच्या दुखण्याला नाव मिळेपर्यंत

"अहो, जरा इकडे या बरं. हिच्या दोन्ही कुशींवरचे केस गेलेत बघा."

मागच्या श्रावणातली ती सकाळ. बाहेर गंगापूर रोडवर रिपरिप पाऊस चालू होता आणि आमच्या सौ. गॅलरीत ठकीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. ठकी म्हणजे आमच्या नातीची गिनिपिग. तपकिरी-पांढरी, तीन वर्षांची, वजनाने किलोच्या आत-बाहेर, आणि फ्रीजचे दार उघडल्याचा आवाज आला की शिट्ट्या घालून घर डोक्यावर घेणारी. मी चष्मा लावून पाहिले. पोटाच्या दोन्ही बाजूंना, आरशात पाहावे तसे अगदी सारखे, रुपयाएवढे टक्कल पडले होते. कातडी स्वच्छ होती. खाज नाही, खपली नाही, पुरळ नाही.

"पावसाळ्याचं असेल," मी म्हणालो आणि पेपर उघडला.

असले वाक्य मी आमच्या घरात दुसऱ्यांदा उच्चारत होतो. पहिल्या वेळी त्याची किती किंमत मोजावी लागली होती, हे त्या क्षणी मला आठवले नाही. सौ.ना मात्र आठवले. काही वर्षांपूर्वी त्यांचे केस असेच गळू लागले होते. उन्हाळ्यातही थंडी वाजे, जिना चढताना पाय जड होत, वजन वाढत चालले होते. "वय झालं", "मनाला फार लावून घेता", "जरा फिरायला जात जा" असे सल्ले दोन वर्षे मिळत राहिले. काही डॉक्टरांकडून, आणि खरे सांगायचे तर सर्वांत जास्त माझ्याकडून. शेवटी एका तरुण डॉक्टरने रक्त तपासून घेतले आणि थायरॉइड मंदावल्याचे निघाले. रोज सकाळी उपाशीपोटी एक बारीकशी गोळी सुरू झाली आणि हळूहळू माझी बायको मला परत मिळाली. त्या दिवशी ती एवढेच म्हणाली होती, "गोळीपेक्षा मला नाव मिळालं याचं बरं वाटलं. मी नाटक करत नव्हते, हे तरी कळलं."

म्हणून त्या सकाळी तिने माझ्या हातातला पेपर काढून घेतला आणि टोपली पुढे केली. "चला. हिला दाखवून आणू."

दाखवायचे कुठे, हा प्रश्न आम्हाला त्याआधी पडलाच नव्हता. प्रथम सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. बाहेर एक शेळी, दोन वासरे आणि पिशवीत कोंबडी घेऊन आलेले एक आजोबा होते. डॉक्टर भले गृहस्थ. त्यांनी ठकीला उलटसुलट पाहिले आणि प्रामाणिकपणे म्हणाले, "काका, मी गाई-म्हशी, शेळ्या-कोंबड्या बघतो. हा प्राणी कॉलेजात पाहिला तो प्रयोगशाळेत. पेशंट म्हणून माझ्यासमोर पहिल्यांदाच येतोय." मला त्यांचा राग आला नाही. शेतकऱ्यांच्या जिल्ह्यात त्यांची पहिली बांधिलकी गोठ्याशीच असणार आणि असायलाही हवी.

मग कुत्र्या-मांजरांच्या एका खासगी दवाखान्यात गेलो. तिथे खरजेचे निदान झाले. पंधरा दिवसांच्या अंतराने दोन इंजेक्शने झाली. यात डॉक्टरांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. केस गळणाऱ्या गिनिपिगमध्ये खरूज आणि बुरशी हीच कारणे पुष्कळदा सापडतात. पण खरजेचा प्राणी अंग ओरबाडून घेतो आणि त्याचे केस कुठेही, कसेही जातात. ठकीचे केस दोन्ही बाजूंनी हिशेबाने जात होते. इंजेक्शनांनी काही फरक पडला नाही. उलट ती चिडचिडी झाली. घशातून सतत घुरघुर आवाज काढू लागली. कधी कुणाला न चावणारी ठकी एके दिवशी नातीच्या बोटाला चावली. नात रडत म्हणाली, "आजोबा, हिला मी आवडेनाशी झाले का?"

याच काळात एका औषधाच्या दुकानात "लहान मुलांचं अमॉक्सिसिलिन देऊन बघा थेंब-थेंब" असा फुकटचा सल्ला मिळाला. नशिबाने तो आम्ही ऐकला नाही. पुढे कळले की पेनिसिलिनच्या जातीची औषधे गिनिपिगच्या आतड्यातले उपयोगी जंतू मारून टाकतात आणि त्यातून हा प्राणी दगावू शकतो. ज्या औषधाने जगात असंख्य माणसे वाचली, ते या जिवाला विष ठरते. लहान मुलाचे औषध लहान प्राण्याला चालेल, हा आपला भाबडा हिशेब किती घातकी आहे!

आता या प्राण्याची गंमत पाहा. हा गिनीचा नाही आणि डुक्कर तर नाहीच नाही. मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताचा, आपल्या पेरूच्या फोडीवर तुटून पडणारा आणि खऱ्याखुऱ्या पेरू देशात हजारो वर्षांपासून पाळला गेलेला. पण मराठीत त्याचे नाव येते ते एकाच अर्थाने. "आमच्या मुलांना गिनिपिग बनवलंत," असे आपण नव्या अभ्यासक्रमावर चिडून म्हणतो. त्या शब्दाच्या पाठीमागे केवढा इतिहास आहे! नॉर्वेत १९०७ साली होल्स्ट आणि फ्रॉलिक या संशोधकांना स्कर्व्ही हा रोग गिनिपिगमध्ये घडवता आला, कारण माणसाप्रमाणेच या प्राण्याच्या शरीरातही क जीवनसत्त्व तयार होत नाही. क जीवनसत्त्वाच्या शोधाची वाट तिथून मोकळी झाली. हाफकिन यांनी १८९२ मध्ये पॅरिसला कॉलऱ्याची लस तयार केली, ती जंतू गिनिपिगच्या शरीरातून पुन्हा पुन्हा नेऊन. पुढे १८९७ साली याच हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस दिली आणि परळची संस्था आज त्यांचे नाव सांगते.

हार्मोनच्या शास्त्राची सुरुवातही या प्राण्याला टाळून सांगता येत नाही. १८८९ मध्ये ब्राऊन-सेकार या बहात्तर वर्षांच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने तारुण्य परत मिळावे म्हणून कुत्र्याच्या आणि गिनिपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला होता. त्याचा दावा टिकला नाही. मात्र ग्रंथींमधून रक्तात काहीतरी झिरपते आणि ते सारे शरीर चालवते, या विचाराला त्यातून मोठी चालना मिळाली. 'हार्मोन' हा शब्द आला तो १९०५ साली. आणि १९१७ मध्ये अमेरिकेत स्टॉकार्ड आणि पापानिकोलाऊ यांनी गिनिपिगच्या मादीचे ऋतुचक्र सूक्ष्मदर्शकाखाली उलगडले. त्याच अभ्यासातून पापानिकोलाऊ पुढे स्त्रियांच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीपर्यंत पोहोचले. तीच आजची पॅप चाचणी. आमच्या सौ.नी ती करून घेतली आहे, या पानाच्या अनेक वाचक भगिनींनीही घेतली असेल. ज्या प्राण्याच्या मादीने जगभरच्या बायकांना निदान मिळवून दिले, त्या प्राण्याच्या एका मादीला निदान मिळवून द्यायला आम्ही नाशिकभर टोपली घेऊन फिरत होतो.

अखेर एका ओळखीच्या पशुवैद्यांनी मुंबईतल्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता दिला. त्या असले छोटे प्राणी नेहमी पाहतात. टोपलीत जुना टॉवेल, हराळीची जुडी आणि सिमला मिरचीच्या फोडी ठेवून आम्ही निघालो. गिनिपिगला उपाशी ठेवून चालत नाही. त्याचे आतडे सतत चालते राहावे लागते, ते थांबले की जिवावर बेतते. त्यामुळे कसारा घाटात मी गाडी चालवत होतो आणि मागे सौ. ठकीला एकेक काडी भरवत होत्या. परळच्या पुलावरून जाताना मला वाटले, इथेच १८८६ सालापासूनचे पशुवैद्यक महाविद्यालय आहे, इथेच हाफकिन संस्था आहे. ठकीच्या पूर्वजांची या शहरावर थोडीथोडकी उधारी नाही.

डॉक्टरीणबाईंनी आधी कातडीला हातच लावला नाही. त्यांनी प्रश्न विचारले. खाजवते का? खाणे कमी झाले की वाढले? वजन किती होते, आता किती आहे? चावते कधीपासून? स्तनाग्रांवर खपली दिसते का? वजनाच्या प्रश्नाला आम्हाला उत्तर देता आले नाही. मग त्यांनी बोटांच्या टोकांनी पोट हलकेच चाचपले आणि मान हलवली. सोनोग्राफीत चित्र स्वच्छ दिसले. दोन्ही बीजकोशांवर पाण्याने भरलेल्या गाठी होत्या. "मध्यम वयाच्या माद्यांमध्ये हे फार दिसतं," त्या म्हणाल्या. "काही गाठी गप्प असतात. काही हार्मोन सोडतात, मग दोन्ही कुशींवरचे केस जातात आणि स्वभाव बदलतो. ती वाईट वागत नव्हती. तिला आतून कोणीतरी ढकलत होतं."

सौ.नी माझ्याकडे पाहिले. मी टेबलाकडे पाहिले.

त्यांनी आणखी एक गोष्ट समजावून सांगितली, ती मला महत्त्वाची वाटते. हार्मोनचे दुखणे जखमेसारखे दिसत नाही आणि तापासारखे मोजता येत नाही. गिनिपिगमध्ये थायरॉइडही बिघडू शकते. मग प्राणी खा-खा खातो आणि तरी वाळत जातो. त्यासाठी रक्त तपासता येते. पण एवढ्याशा जिवाची शीर सुतासारखी, आणि रिपोर्टावर शेजारी छापलेला 'नॉर्मल' आकडा माणसाचा किंवा कुत्र्याचा. तो आकडा या प्राण्याला लावला की निदान चुकलेच. म्हणून यंत्राच्या आधी घरच्या माणसाची नजर लागते. "केस दोन्हीकडे सारखे गेलेत, हे कोणाच्या लक्षात आलं?" असे त्यांनी विचारले. मी मुकाट्याने सौ.कडे बोट दाखवले.

आता निर्णय घ्यायचा होता. हार्मोनच्या इंजेक्शनाने काही गाठी काही काळ आकसतात, पण पुन्हा वाढू शकतात. बीजकोश आणि गर्भाशय काढून टाकणे हा कायमचा उपाय, पण एवढ्या लहान प्राण्याला भूल देण्यात जोखीम असतेच. इमारतीतले एक स्नेही मला म्हणाले, "अहो, एवढ्याशा किमतीचा प्राणी आणि त्याच्यावर हजारोंचा खर्च? माणसांना डॉक्टर मिळत नाहीत आणि तुम्ही उंदीर घेऊन मुंबईला जाता!" त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. मलाही रात्रभर तो प्रश्न छळत होता.

विचारांती मला पटले ते असे. खर्च किती करावा, हा ज्याच्या-त्याच्या ऐपतीचा प्रश्न आहे. कुणी शस्त्रक्रिया करील, कुणी इंजेक्शनावर भागवील, कुणी वेदना कमी करून उरलेले दिवस सुखाचे करील. त्यात कुणीही कमी दयाळू ठरत नाही. पण यांतला कोणताही निर्णय दुखण्याचे नाव कळल्यावरच घेता येतो. निदान हा चैनीचा भाग नव्हे. उपचार थांबवायचे असतील तरी काय थांबवतो आहोत हे माहीत हवे. पिंजऱ्यात ठेवलेला जीव स्वतः झाडपाला शोधायला जाऊ शकत नाही. आपण त्याची मोकळीक घेतली, तेव्हाच त्याच्या दुखण्याकडे पाहण्याची जबाबदारी आपल्यावर आली.

आणि ही जबाबदारी एकट्या-दुकट्याच्या हौसेवर सोडून भागणार नाही. आपल्या शहरांतल्या फ्लॅटमध्ये आज ससे, गिनिपिग, पक्षी, कासवे यांची संख्या वाढते आहे. दुकानांसाठी २०१८ मध्ये केंद्राचे नियम आले, नोंदणी बंधनकारक झाली. मग प्रत्येक प्राण्याबरोबर एक पानभर मराठी माहितीही मिळायला काय हरकत आहे? तो काय खातो, किती वर्षे जगतो, कोणती औषधे त्याला चालत नाहीत आणि जवळ कोण डॉक्टर त्याला पाहतात, एवढेच. २००० साली नागपूरला स्थापन झालेले आपले पशुवैद्यक विद्यापीठ जिल्ह्याजिल्ह्यांतल्या डॉक्टरांसाठी छोट्या प्राण्यांची चार-चार दिवसांची शिबिरे भरवू शकेल. यात गोठ्यातल्या जनावराच्या वाट्याचे काही काढून घेण्याची गरज नाही. पालकांनीही वाढदिवसाची भेट आणण्यापूर्वी "हा आजारी पडला तर कुठे नेणार?" हा प्रश्न विचारून पाहावा. उत्तर मिळाले नाही तर भेट बदलावी. आम्ही विचारला नव्हता.

ठकीची शस्त्रक्रिया झाली. त्या दोन तासांत नातीने दवाखान्याच्या बाकावर बसून एकही शब्द काढला नाही. संध्याकाळी ठकीने डोळे उघडले, रात्री कोथिंबिरीची एक काडी चावली आणि डॉक्टरीणबाईंनी सुटकेचा श्वास टाकला. दिवाळी सरेपर्यंत तिच्या कुशींवर मऊ लव उगवली. आता ती पुन्हा शिट्ट्या घालते. नातीला चावत नाही.

आमच्या स्वयंपाकघरात हल्ली दर रविवारी सकाळी एक कार्यक्रम असतो. पीठ मोजायच्या काट्यावर ठकीला बसवायचे आणि वहीत वजन लिहायचे. सलग दोन आठवडे आकडा उतरला तर डॉक्टरांना फोन करायचा, असा नियम आहे. वही सौ.च्या गोळ्यांच्या डबीशेजारी असते. परवा मी सहज ती उघडली, तर शेवटच्या पानांवर नातीने आणखी एक तक्ता आखलेला दिसला. वर लिहिले होते, 'आजी'. खाली तारखा, वजन, आणि एका रकान्यात 'आज दमली का?'

त्या रकान्यात रोज रात्री आता मी खूण करतो. करण्यापूर्वी तिला विचारतो.