वहीतले रॅप

राजोडीच्या एका भगिनीने आमच्याकडे विचारणा केली आहे. मुलगा नववीत आहे, दिवसभर कानात रॅप चालू असते. आता तो वहीच्या मागच्या पानांवर स्वतःच लिहू लागला आहे. त्याचे अब्बू म्हणाले, वही फाडून टाका. यांनी ती कपाटात, चादरींखाली ठेवली. बरोबर केले का, असा त्यांचा प्रश्न आहे. मुलाचे आवडते गाणेही त्यांनी कळवले आहे: ‘मेरे गली में’. त्यावर तोंडदेखला सल्ला देण्याऐवजी आम्ही आधी ते गाणे ऐकले, आणि एकदाच नाही.

गाणे 2015 सालचे आहे. ‘डिवाइन’ या नावाने गाणाऱ्या विवियन फर्नांडिसचे. अंधेरीच्या जे. बी. नगर भागातल्या वस्तीत वाढलेला हा ख्रिस्ती मुलगा. शाळेत एका मित्राच्या टी-शर्टवर अमेरिकन रॅपर फिफ्टी सेंटचे चित्र पाहून त्याला या गाण्याची ओळख झाली. 2013 च्या ‘ये मेरा बॉम्बे’मुळे त्याचे नाव ऐकू येऊ लागले होते आणि आता मोठी कंपनी, सोनी म्युझिक, मागे उभी होती. अशा वेळी माणूस पूर्ण गाणे स्वतःकडे ठेवतो. याने पाहुणा बोलावला: कुर्ला पश्चिमेचा नावेद शेख, म्हणजे ‘नेझी’. त्याने 2014 मध्ये ‘आफत’ हे गाणे घरच्या आयपॅडवर तयार केले होते. ना स्टुडिओ, ना वादक. आपल्याच मोहल्ल्यात त्याचे चित्रीकरणही केले.

रॅपच्या दुनियेत मुख्य गायकाच्या नावापुढे ‘फीचरिंग’ असे लिहून ज्याचे नाव येते, तो पाहुणा. आपले कडवे त्याने स्वतःच लिहून आणायचे, असा रिवाज आहे. दुसऱ्याकडून लिहून घेणाऱ्याला तिथे इज्जत नाही. मुशायऱ्यात शमा एका शायरासमोरून दुसऱ्यासमोर सरकते, तसे गाणे एकाकडून दुसऱ्याकडे जाते. डिवाइनचा आवाज जड, शब्द दाबून टाकणारा. नेझी आला की वेग वाढतो, शब्द एकमेकांच्या पाठीवर चढत धावतात. ज्याला उर्दू-हिंदीची थोडी जाण आहे, त्याला कळते की यमके सहज सुचलेली नाहीत, त्यावर घासाघीस झाली आहे.

नावाकडेही पाहा. व्याकरणाने ‘मेरी गली’ हवे, गली स्त्रीलिंगी. पण मुंबईचे पोर ‘मेरे गली में’ म्हणते. आम्हाला यात मराठी ऐकू येते. आपण ‘माझ्या घरात’ म्हणतो आणि ‘माझ्या गल्लीत’ही म्हणतो, तिथे ‘माझ्या’चे लिंग बदलत नाही. हा आमचा अंदाज आहे, भाषेच्या जाणकारांनी तपासावा. पण शाळेत ज्या बोलीवर लाल शाई फिरते, तीच बोली या दोघांनी जशीच्या तशी गाण्याच्या नावात ठेवली, हे मुलांना भावले असणार.

आता अब्बूंच्या रागाकडे येऊ, कारण तो निराधार नाही. रॅपमध्ये शिव्या आहेत, नशेची बढाई आहे, एकमेकांच्या आई-बहिणीपर्यंत जाणारी भांडणे आहेत. ‘डिस’ नावाचा प्रकारच मुळी दुसऱ्याची अब्रू उतरवण्याचा. पुण्याचा एमसी स्टॅन, अल्ताफ शेख, हाही अशा शब्दांसाठी गाजला आणि त्याच्याच एका गाण्याचे नाव ‘अस्तगफिरुल्लाह’ आहे. एकाच तोंडात दोन्ही! आपली मुले हे सगळे ऐकतात. ‘आमचा तसला नाही’ असे समजणाऱ्या पालकांनी एकदा त्याच्या फोनवरची गाण्यांची यादी पाहावी.

वाद्यांबद्दल उलमांमध्ये मतभेद आहेत आणि मनाईचे मत वजनदार आहे. तो निर्णय या सदराचा नाही, इमाम साहेबांना विचारावे. आमच्यापुढे प्रश्न वहीचा आहे, आणि वहीत काही वाजत नाही. तिथे आहेत ते शब्द. शब्दांबद्दल सूरह अश-शुअराच्या शेवटच्या चार आयती, 224 ते 227, घरात सर्वांनी मिळून वाचाव्यात. तिथे भरकटणाऱ्या आणि बोलतात तसे न वागणाऱ्या कवींना दोष दिला आहे. लगेच अपवादही सांगितला आहे: ईमान राखणारे, सत्कर्मे करणारे, अल्लाहचे पुष्कळ स्मरण करणारे आणि जुलूम झाल्यावर उत्तर देणारे. प्रेषितांचे (स.) कवी ह. हस्सान बिन साबित (रजि.) यांच्यासाठी मस्जिदीत मिंबर ठेवला जात असे, हे हदीसच्या ग्रंथांत आहे.

मराठी मुसलमानाला तर दूर जायलाही नको. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल म्हणजेच शाहीर अमर शेख. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अण्णाभाऊ साठे आणि गव्हाणकर यांच्यासोबत ते डफावर उभे राहिले आणि मैदाने भरली. पोवाडा आणि रॅप एक नव्हे. पण जोरात, तालात, आपल्या माणसांची बाजू मांडणे दोन्हीकडे आहे.

‘मेरे गली में’चे पुढे बरेच झाले. 14 फेब्रुवारी 2019 ला आलेल्या झोया अख्तर यांच्या ‘गल्ली बॉय’ चित्रपटाला डिवाइन आणि नेझी यांच्या जीवनातून प्रेरणा मिळाली. हे गाणेही नव्याने त्यात आले. चित्रपटाचा नायक मुराद, धारावीचा मुस्लिम मुलगा. त्याच्या अब्बूंनाही मुलाचे गाणे मंजूर नसते. तिकिटे काढून हा चित्रपट पाहणाऱ्या किती बापांनी घरी येऊन मुलाचे लिखाण वाचायला मागितले असेल, कोण जाणे. नेझी स्वतः मध्यंतरी गाण्यापासून दूर राहिला आणि 2019 च्या सुरुवातीला ‘आफत वापस’ घेऊन परतला.

वसईच्या पट्ट्यात चर्चची घंटा आणि अजान एकाच गावाला ऐकू येतात, मुले एकाच बसने नालासोपारा स्टेशनला जातात. तिथल्या मुलाला अंधेरीचा फर्नांडिस आणि कुर्ल्याचा शेख एका गाण्यात शेजारी उभे राहिलेले पाहून जे वाटते, ते आपल्याला चटकन समजणार नाही. त्याला विचारावे लागेल.

म्हणून वही ठेवा. चादरींखाली मात्र नको; त्याला परत द्या आणि सांगा की अब्बूंसमोर मोठ्याने वाचून दाखव. जे कडवे वाचताना जीभ अडखळेल, ते त्याचे तोच खोडेल. जे खोडणार नाही, त्यावर अब्बूंनी भांडावे, हवे तेवढे. दहावीचे वर्ष पुढे आहे, तेव्हा लिहिण्याची वेळ ठरवून घ्या, इशाच्या आधी अर्धा तास पुरे. आणि फोन रात्री बैठकीत, सर्वांचे. अब्बूंचाही.