नव्या घराची फरशी आणि म्हातारीचा पाय

दिवाळीनंतर आमच्या धारणीत आणि आसपासच्या खेड्यांत बांधकामांना जोर येतो. भिंती उभ्या राहतात, स्लॅब पडतो, आणि मग सारे घर मिळून फरशीच्या दुकानात जाते. तेथे तासन्‌तास खल होतो. हॉलमध्ये संगमरवरासारखी दिसणारी, स्वयंपाकघरात फळाफुलांची, बाथरूममध्ये निळी, लाटांची. सगळ्यांचे मत घेतले जाते. घेतले जात नाही ते फक्त घरातल्या म्हातारीचे, आणि त्या फरशीवर पडणार असते तीच.

गेल्या वर्षी वास्तुशांतीला अवघे नऊ दिवस झाले असताना एका आजींना बाजेवर घालून माझ्याकडे आणले. उजवा पाय आखूड झालेला, पंजा बाहेर वळलेला. एक्स-रेची वाट न पाहताच सांगता येत होते, खुब्याचे हाड मोडले होते. पहाटे न्हाणीत गेल्या, फरशीवर साबणाचे पाणी होते, पाय गेला. तशा अवस्थेतही आजी मला म्हणाल्या, "डाक्टर साहेब, पोरानं इतका पैसा लावला जी घराले, अन् मलेच पाडलं त्यानं." पोरगा खाली मान घालून उभा होता. त्याची चूक एवढीच की त्याने भिंतीची टाइल जमिनीला लावली होती.

खुब्याचे हाड मोडणे ही म्हातारपणी साधी गोष्ट नाही. शस्त्रक्रियेसाठी येथून बहुतेक रुग्ण अमरावती नाही तर बऱ्हाणपूर गाठतात. अमरावती म्हणजे सेमाडोहचा घाट उतरून सुमारे दीडशे किलोमीटर, आणि मोडलेल्या खुब्यासह ती वळणे काय असतात ते आजींनाच विचारावे. त्यानंतर अंथरुणावर पडून राहणे, पाठीला जखमा, छातीत कफ, लघवीचा संसर्ग. पुष्कळदा माणूस हाड मोडल्याने नाही, या मागाहून येणाऱ्या गोष्टींनी जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे मरतात, आणि त्यांत साठी ओलांडलेले सर्वांत जास्त.

आता कोणी म्हणेल, मग आमचे सारवलेलेच बरे होते. सारवलेल्या जमिनीवर पाय घसरत नाही, ती थंडीत बोचत नाही, हे खरे आहे. मी स्वतः तसल्याच घरात वाढलो. पण ओलसर मातीत हुकवर्मच्या अळ्या राहतात, अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात आणि आतड्यात बसून रक्त पितात. रांगणारी पोरे तीच माती बोटांनी तोंडात घालतात. मेळघाटातल्या पांढऱ्याफटक मुलांकडे पाहताना मी प्रथम भाकरीबद्दल विचारतो आणि मग घरातल्या जमिनीबद्दल. मेक्सिको देशात कोआहुइला राज्याने २००० साली गरिबांच्या मातीच्या जमिनींवर सिमेंटचा कोबा घालून देण्याची योजना काढली. पुढे अभ्यासकांनी तपासले, तेव्हा जेथे सगळ्या जमिनी पक्क्या झाल्या तेथे लहान मुलांतील जंत सुमारे ७८ टक्क्यांनी आणि रक्तक्षय सुमारे ८१ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. तोही साधा कोबा, त्यावर ना फूल ना नक्षी. म्हणून घरकुलाच्या मदतीत पैसा पुरत नसेल तर माझे सांगणे सरळ आहे: दर्शनी भिंतीला टाइल्स नंतर लावा, आधी सर्व खोल्यांना घोटलेला कोबा करून घ्या. आमच्याकडे नेमके उलटे होते. रस्त्यावरून दिसणाऱ्या भिंतीला चकाकी, आणि आतली खोली अजून मातीची.

ज्यांना टाइल्स परवडतात त्यांच्यासाठी चार गोष्टी. येथे येणारा बहुतेक माल गुजरातेतील मोरबीचा असतो आणि त्यात भिंतीचा व जमिनीचा माल निरनिराळा असतो. भिंतीची टाइल दहा टक्क्यांहून अधिक पाणी पिते, वरून काचेसारखी गुळगुळीत असते आणि वजनाखाली तडकते. न्हाणी-संडासाला खरखरीत, मॅट फरशीच घ्यावी, आणि तीही लहान आकाराची, कारण जितके सांधे जास्त तितकी पायाला पकड जास्त. काही कंपन्या पत्रकात 'आर' अक्षरापुढे आकडा देतात. आर ९ म्हणजे पकड कमी, आर ११ म्हणजे बरी. आकडा नसेल तर दुकानात नमुना जमिनीवर ठेवा, त्यावर पाणी आणि थोडा साबण टाका, चप्पल काढून पाय ठेवून पाहा. दुकानदार हसेल. हसू द्या. मिस्त्रीला उतार मात्र नीट द्यायला लावा, नाही तर खरखरीत फरशीवरही पाणी साचून शेवाळ धरते.

स्वयंपाकघराचे गणित वेगळे. तेथे तेल सांडते, म्हणून सांधे कमी आणि पुसायला सोपी अशी मोठी फरशी चालते, पण चकाकी नको. रंग फिका आणि एकरंगी घ्या. दाट नक्षीत सांडलेले तेल दिसत नाही, मोतीबिंदू झालेल्या आजोबांना पायरी दिसत नाही, आणि आपल्या मुलखात आणखी एक, विंचू दिसत नाही. पायरीच्या काठाला वेगळ्या रंगाची पट्टी लावली तर पुष्कळ पडणे टळते. देवघरात मात्र हवी ती वेलबुट्टी लावा, तेथे माझे काही म्हणणे नाही.

अंगणात गडद टाइल्स लावण्याची नवी हौस आली आहे. वैशाखात त्या तव्यासारख्या तापतात. मधुमेहाने पाय बधिर झालेला माणूस तुळशीला पाणी घालायला अनवाणी जातो, त्याला चटका कळत नाही, आणि चार दिवसांनी तो फोड दाखवायला येतो. असे दोन अंगठे मला वाचवता आले नाहीत. अंगणाला आपली शहाबादी किंवा कोटा बरी, तीही पॉलिश न केलेली.

पांढरी शुभ्र टाइल पिवळी पडली की लोक ॲसिड आणतात. ते थंड पेयाच्या बाटलीत भरून न्हाणीच्या कोपऱ्यात ठेवतात आणि पोर ते पिते. तसे झाले तर उलटी करवू नका, मीठपाणी पाजू नका, ताबडतोब दवाखान्यात आणा. ॲसिडवर ब्लीचिंग पावडर तर कधीच टाकू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि बंद न्हाणीत तो जीव घेऊ शकतो.

आणखी एक माणूस आपण विसरतो, तो म्हणजे फरशी कापणारा. कोरड्या कटरने उडणाऱ्या बारीक धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात बसते ती कायमची. स्वयंपाकाच्या ओट्यासाठी वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम दगडावर याच कारणाने ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून बंदी घातली. आपल्या घरी पोऱ्या तोंडाला फडके बांधून दिवसभर कापत असतो. कटरवर पाण्याची धार धरायला सांगा, आणि लहान मुलांना तेथून हलवा. चिखल होतो म्हणून मिस्त्री कुरकुर करतो, तरी सांगा.

स्वतःचेही सांगतो. दवाखाना बांधताना स्वच्छ दिसावी म्हणून मीही पांढरी गुळगुळीत फरशीच बसवली. गेली कित्येक वर्षे पावसाळ्यात दारात पोती अंथरतो आणि कंपाउंडर दिवसभर "सांभाळून, सांभाळून" ओरडत असतो.

त्या आजींचे ऑपरेशन झाले. आता वॉकर घेऊन चालतात. मुलाने सारी न्हाणी उकरण्याऐवजी माझ्या सांगण्यावरून रबरी जाळीची चटई टाकली, संडासाजवळ आणि नळाजवळ भिंतीत लोखंडी दांडे पक्के बसवले आणि रात्रीसाठी एक लहान दिवा लावला. सारा खर्च हॉलच्या एका भिंतीच्या टाइल्सहून कमी आला. आजी तरीही पहाटे न्हाणीशी पोचल्या की सुनेला हाक मारतात.