सोयरिकीच्या बैठकीत न विचारलेला प्रश्न

धान घरात आले की आपल्या जिल्ह्यात सोयरिकीच्या बैठकांना जोर येतो. तीन वर्षांपूर्वी गोरेगाव तालुक्यातील एका ओळखीच्या घरी अशाच बैठकीला बसण्याचा योग आला. जमीन किती, त्यात बोडीच्या पाण्याखालची किती, मुलाला व्यसन आहे काय, मुलगी किती शिकली, सारे विचारून झाले. पोवारांच्या घरी कुर पाहतात, गोंडांच्या घरी देव किती ते पाहतात, कुठे पत्रिका काढतात. प्रत्येक समाजाची आपापली रीत आहे. पण सिकलसेलची तपासणी मुलामुलीची झाली आहे काय, हा प्रश्न कोणी विचारला नाही. मीही नाही. ‘गुरुजी, शुभ कामात असं कायले काहाडता?’ असे ऐकावे लागेल, या संकोचाने गप्प बसलो.

वर्षभरात त्या मुलीला दिवस गेले. नाव नोंदविले चौथा महिना उलटल्यावर. तेव्हा रक्त तपासले आणि नवराबायको दोघेही सिकलसेलचे वाहक निघाले. बाळंतपण होऊन मुलाची तपासणी हाती येईपर्यंत त्या घरात कोणाला धड झोप नव्हती. मूल सुदैवाने आजारी निघाले नाही. पण जी गोष्ट लग्नाआधी एका सुईच्या टोचण्याने कळली असती, ती कळायला पोरीचा पाचवा महिना उजाडावा लागला.

विदर्भाच्या पूर्व पट्ट्यात हा आजार नवा नाही. आदिवासी व अनुसूचित जातींत प्रमाण जास्त आहे, पण इतर समाजांतही तो सापडतो. तेव्हा ‘आमच्यात नाही’ असे छाती ठोकून कोणी सांगू नये. रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात म्हणून हे नाव. रोगी माणसाला सांधे व हाडे दुखण्याचे झटके येतात, रक्त कमी राहते, कावीळ दिसते. रोगी बाईच्या गरोदरपणात धोका वाढतो. वाहकाला मात्र सहसा काहीच त्रास नसतो. तो नांगर धरतो, ती रोवणीला जाते, आणि दोघांनाही आपल्या रक्तात काय आहे याचा पत्ता नसतो.

दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात मूल रोगी होण्याचा संभव चारात एक, वाहक होण्याचा चारात दोन आणि पूर्ण निरोगी होण्याचा चारात एक. आपल्याकडे याचा अर्थ ‘चार लेकरांत एक आजारी’ असा लावतात. तसे नाही. प्रत्येक वेळी चारही चिठ्ठ्या पुन्हा डब्यात पडतात. पहिले लेकरू रोगी झाले म्हणून दुसरे सुटले असे होत नाही, आणि पहिली दोन चांगली निघाली म्हणून तिसऱ्याची हमी नाही. दोघांपैकी एकच वाहक आणि दुसरा पूर्ण निरोगी असेल तर मूल रोगी होत नाही. म्हणून एकट्या मुलीची तपासणी करून भागत नाही.

आणखी एक खाचखळगा. प्राथमिक आरोग्य केंद्रात होणारी सोल्युबिलिटी चाचणी फक्त दोष आहे की नाही एवढेच सांगते. वाहक की रोगी हे कळायला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची चाचणी लागते. पहिल्या चिठ्ठीवर ‘पॉझिटिव्ह’ पाहून कित्येक घरे घाबरतात, आणि पुढचा रिपोर्ट आणायला कोणी जात नाही. हे अर्धवट ज्ञान अज्ञानापेक्षा वाईट.

मग शासन काय करते? करते, हे आधी मान्य केले पाहिजे. राज्यात सिकलसेल नियंत्रणाचे काम अनेक वर्षांपासून आहे आणि १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातील तपासण्या, औषधे, बाळंतपण, रक्त व वाहन मोफत आहे. मातृवंदनेचे पहिल्या बाळाचे ५,००० रुपये तर गावात सर्वांना तोंडपाठ आहेत. पण गर्भवतीसाठीच्या या साऱ्या मदतीचा दरवाजा नाव नोंदविल्यावर उघडतो. त्याआधीच्या बाईचे काय? नवी सून दुसऱ्या गावाहून आलेली, आशाताईची ओळख नाही, सासूला विचारायची लाज. ती विचारणार कोणाला? शेवटी मोबाईलवरचा कोणीतरी बाबा किंवा औषधाच्या दुकानातला पोरगा हाच तिचा डॉक्टर.

फोलिक ॲसिडची गोळी घ्या. बाळाच्या मेंदूचा व मणक्याचा पाया गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत घातला जातो. तेव्हा पाळी चुकल्याचे बाईच्या जेमतेम ध्यानात आलेले असते. म्हणून रोज ४०० मायक्रोग्रॅमची ही गोळी दिवस राहण्याच्या आधीपासून सुरू हवी. चौथ्या महिन्यात नाव नोंदविणाऱ्या बाईला ती देऊन हा उपयोग निघून गेलेला असतो.

रक्तक्षयाचेही तेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातील १५ ते ४९ वयाच्या महिलांपैकी ५४.२ टक्के महिलांना रक्तक्षय आढळला. म्हणजे निम्म्याहून अधिक पोरी कमी रक्तानेच संसाराला लागतात आणि पहिल्याच पावसाळ्यात दिवसभर बांधीत वाकून रोवणी करतात. गरोदरपणी हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेले की रक्तक्षय, ७ च्या खाली गेले तर जिवाशी गाठ. लोहाच्या गोळ्या मिळतात, पण त्या फळीवर धूळ खातात. कारण ‘गोळीनं लेकरू मोठं होते, मंग बाळंतपण अडते’ असे कोणीतरी सांगितलेले असते. शौचास काळी होते म्हणून कोणी भिते. काळी होणारच, त्यात भिण्यासारखे नाही. आणि गोळीवर लगेच चहा पिऊ नये, लोह अंगी लागत नाही. ज्या बाईला सिकलसेलचा आजारच आहे तिने मात्र लोहाची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

भाषेचाही प्रश्न आहे. सालेकसा, देवरीकडे घरात गोंडी चालते, कुठे छत्तीसगडी, इकडे पोवारी, गोंदिया शहरात हिंदी. आणि भिंतीवरचा फलक पुस्तकी मराठीत. ‘गर्भधारणापूर्व समुपदेशन’ हे शब्द वाचून आमच्यासारखा शाळामास्तरही क्षणभर थांबतो.

आमची सूचना साधी आहे. गावातील विवाहाची नोंद ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, करतात. ती नोंद झाली की नव्या जोडप्याला आशाताईंची भेट घालून द्यावी, एवढेच. पैसे लागत नाहीत, जीआर लागत नाही. आशाताईंनी दोघांच्या तपासणीचे विचारावे, फोलिक ॲसिडचे सांगावे. १ मे व १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत सरपंचांनी दहा मिनिटे या विषयाला द्यावीत, आणि सांगणारी व्यक्ती गावच्या बोलीत बोलणारी असावी. मुलामुलींची तपासणी कॉलेजात असतानाच झाली, तर सोयरिकीच्या बैठकीत कोणाला लाजावे लागणार नाही.

काही मंडळी तपासणीशिवाय लग्नच लावू नये, असा ठराव करा म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. आपल्या समाजात अशा ठरावाचा दांडा शेवटी मुलीच्याच डोक्यात बसतो. मुलाची चिठ्ठी कोणी मागत नाही, मुलगी वाहक म्हटली की सोयरिक मोडते आणि गावभर होते. रिपोर्ट ज्याचा त्याच्याच हाती द्यावा, चावडीवर वाचू नये. वाहक असणे हा दोष नाही. दोघे वाहक असूनही लग्न करावयाचे ठरविले तर तो त्यांचा अधिकार, फक्त त्यांना वेळेवर दवाखाना गाठता आला पाहिजे. दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाची तपासणी करून आजार आहे की नाही हे कळू शकते. लिंगनिदान बंदीचा कायदा १९९४ चा. त्यात मुलगा की मुलगी हे सांगण्यास मनाई आहे, रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी नोंदणीकृत केंद्रात करण्यास नाही. हा फरक ठाऊक नसल्याने काही जोडपी भीतीपोटी जातच नाहीत. आणि चौथ्या महिन्यात जाणाऱ्यांच्या हातून ती वेळ निसटून गेलेली असते.

दर महिन्याच्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यात गर्भवतींची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. जाताना माता बाल संरक्षण कार्ड आणि नवऱ्याचा सिकलसेलचा रिपोर्ट सोबत न्यावा. रिपोर्ट नसेल तर नवऱ्यालाच सोबत न्यावे. त्या दिवशी बांधीतले काम दुपारनंतर केले तरी चालते.