विस्तार कुणाचा, वसुली कुणाकडून?

घरातले पहिले पदवीधर असाल, तर 'मराठी सत्तेचा विस्तार' हा प्रश्न तुम्हीही पेपरात सोडवला असेल. मीही सोडवला. मी राहतो रायपूरच्या तेलीबांधा तलावाजवळ, त्या विस्ताराच्या दुसऱ्या टोकाला. नागपूरकर भोसल्यांची फौज १७४१ मध्ये भास्करराम कोल्हटकरांसोबत छत्तीसगडात शिरली. १७८७ मध्ये बिंबाजी भोसले वारल्यावर सुभेदार आले. वसुली इथली, खजिना नागपूरचा. याला आपण साम्राज्य म्हणत नाही, कारण ते मराठी होतं!

याच राजवटीत, १७५६ मध्ये, गिरौदपुरीत गुरू घासीदास जन्मले. त्यांच्या सतनाम पंथाने मूर्तिपूजा आणि जातीची उतरंड दोन्ही नाकारलं. माझ्या लेखी हा स्वातंत्र्यलढाच; पदवीच्या तीन वर्षांत मात्र हे नाव वर्गात कुणी घेतलं नाही.

सोनाखानचे बिंझवार आदिवासी जमीनदार नारायणसिंह यांना इंग्रजांनी १० डिसेंबर १८५७ रोजी रायपुरात फाशी दिली. आज क्रिकेटच्या स्टेडियमला त्यांचं नाव आहे. त्यांची पहिली अटक १८५६ ची. दुष्काळात त्यांनी धान्याचं कोठार फोडून भुकेल्यांना वाटलं होतं. ते कोठार इंग्रजाचं नव्हतं, इथल्याच एका व्यापाऱ्याचं होतं.