बंदी, महसूल आणि मद्यपी

चंद्रपूर जिल्ह्यात 2015 साली दारूबंदी झाली. 2021 मध्ये ती उठली. दोन्ही वेळी वाद रंगला तो महसुलाचा व चोरट्या विक्रीचा. ज्याला दारू सोडावयाची आहे त्याने संध्याकाळी जावे कोठे, हा प्रश्न मागेच राहिला.

अमेरिकेतील अ‍ॅक्रन येथे 1935 मध्ये सुरू झालेल्या ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’च्या सभा महाराष्ट्रातही भरतात. फी नाही, ओळख उघड करण्याची सक्ती नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट. पहिल्या दिवशी नुसते ऐकून उठले तरी चालते. खर्च सभासदांच्या ऐच्छिक वर्गणीतून भागतो. बाहेरची देणगी हे समूह स्वीकारीत नाहीत. खजिन्यावर कवडीचा भार न टाकणारी अशी दुसरी योजना अर्थमंत्र्यांनी दाखवावीच!

अडचण आहे ती पत्त्याची. दुकानाला ठळक पाटी असते. सभेचा ठिकाणा मात्र गरजवंताच्या घरी बहुधा ठाऊकच नसतो. सभेची जागा, वार व वेळ सरकारी दवाखान्याच्या फलकावर लिहिल्याने कोणाचेही नाव फुटत नाही. नगरपालिकेच्या शाळेतील एखादा वर्ग संध्याकाळी माफक भाड्याने मिळाला, तर ते भाडेही हे लोक स्वतःच भरतील.